स्वरयंत्राचा प्रत्यावर्ती मज्जातंतू : एका शोधाचा इतिहास

१

वाणीचा उगम शरीरात कोठे होतो, हा प्रश्न आज ध्वनिविज्ञानाच्या पहिल्या पाठातच निकालात निघतो. प्राचीन काळी मात्र त्याच्या उत्तरावर याहून पुष्कळ मोठी गोष्ट अवलंबून होती. माणसाची विवेकशक्ती हृदयात वसते की मेंदूत, हा वाद ग्रीक विचारवंतांत शतकानुशतके चालला होता, आणि वाणी ही त्या वादातील एक प्रमुख साक्षीदार मानली गेली होती. ज्या पुराव्यामुळे हा वाद अखेर एका बाजूस झुकला, तो पुरावा म्हणजे मानेतून वर जाणारे, केसासारखे बारीक असे दोन मज्जातंतू होत. त्यांच्या शोधाची, त्यांच्या विचित्र मार्गाची आणि त्या मार्गाच्या निरनिराळ्या काळी दिल्या गेलेल्या स्पष्टीकरणांची हकीकत भाषेच्या अभ्यासकालाही उद्बोधक ठरावी अशी आहे.

हृदयाच्या बाजूने अ‍ॅरिस्टॉटल होता आणि त्याच्यानंतर स्टोइक पंथाचे आचार्य होते. स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो याचा युक्तिवाद गेलेनने आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. त्याचा आशय असा : आवाज श्वासनलिकेतून बाहेर पडतो. तो मेंदूतून निघत असता तर श्वासनलिकेतून आला नसता. जेथून आवाज निघतो तेथूनच अर्थयुक्त बोलणेही निघते, आणि अर्थयुक्त बोलणे विचारातून निघते. म्हणून विचाराचे स्थान मेंदूत नसून छातीत, म्हणजे हृदयात आहे. ख्रिसिप्पसने हाच विचार पुढे चालवला. युक्तिवाद वरवर पाहता निर्दोष वाटतो. त्यातील दोष एवढाच की, आवाज ज्या मार्गाने बाहेर पडतो तो मार्ग आणि आवाजास जी आज्ञा होते तिचा मार्ग, हे दोन्ही एकच असले पाहिजेत असे त्यात गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक तर्काने खोडून काढणे कठीण होते. त्यासाठी शरीर उघडून पाहणे आवश्यक होते.

२

पुढील विवेचन समजण्यासाठी स्वरयंत्राची रचना थोडक्यात ध्यानात घेणे इष्ट होईल. श्वासनलिकेच्या माथ्यावर अंगठीच्या आकाराची एक कूर्चा बसलेली असते. ही मुद्रिका कूर्चा होय. तिच्यावर पुढील बाजूस ढालीच्या आकाराची कूर्चा असते. पुरुषांच्या गळ्यावर जो उंचवटा दिसतो तो हिचाच. मुद्रिकेच्या मागील रुंद भागावर दोन लहान कूर्चा बसतात. ग्रीकांना त्यांचा आकार पळीसारखा किंवा चंबूच्या तोटीसारखा वाटला आणि त्यावरून त्यांचे नाव पडले. ढालकूर्चेच्या आतील पृष्ठभागापासून या दोन पळीकूर्चांपर्यंत ताणलेल्या दोन घड्या म्हणजे स्वररज्जू. पळीकूर्चा फिरल्या व सरकल्या की स्वररज्जू जवळ येतात किंवा दूर होतात, आणि ढालकूर्चा मुद्रिकेवर पुढे झुकली की ते ताणले जातात.

या हालचाली करणारे स्नायू अनेक आहेत. त्यांपैकी स्वररज्जू परस्परांपासून दूर करणारी, म्हणजे श्वासाचा मार्ग उघडणारी, स्नायूंची जोडी मात्र एकच असून ती मुद्रिकेच्या मागील बाजूस असते. बाकीचे स्नायू मार्ग मिटवतात अथवा रज्जूंचा ताण बदलतात. या सर्वांना आज्ञा पोचवणारे मज्जातंतू व्हेगस या दहाव्या मस्तिष्क-मज्जातंतूच्या शाखा आहेत. व्हेगस या लॅटिन शब्दाचा अर्थ भटक्या असा आहे, आणि मेंदूच्या बुडापासून पोटापर्यंत जाणाऱ्या या तंतूस ते नाव शोभते. त्याची वरची शाखा मानेत उंचावरच फुटते. तिचा एक फाटा स्वररज्जूंच्या वरच्या भागास संवेदना देतो, तर दुसरा बारीक फाटा रज्जू ताणणाऱ्या एकाच स्नायूस जाऊन मिळतो. उरलेल्या सर्व स्नायूंना आणि रज्जूंच्या खालच्या भागास पुरवठा करणारी शाखा दुसरी. ती प्रथम स्वरयंत्राला ओलांडून छातीकडे जाते आणि तेथून वळून परत वर येते. डावीकडील शाखा महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेते, उजवीकडील शाखा जत्रुकास्थीखालच्या रोहिणीला वळसा घालते, आणि दोन्ही श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खोबणीतून स्वरयंत्रापर्यंत चढतात. हाच प्रत्यावर्ती मज्जातंतू.

स्थूलमानाने असे म्हणता येईल की, बोलण्यातील स्वराचा चढउतार मुख्यतः वरच्या शाखेच्या स्वाधीन आहे, आणि घोष-अघोष हा भेद प्रत्यावर्ती शाखेच्या स्वाधीन आहे.

३

हा मज्जातंतू प्रथम कोणी ओळखला, याविषयी गेलेनने स्वतःच निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. आपल्या गुरूंना तो ठाऊक नव्हता आणि आपणच तो शोधून काढला, असा त्याचा दावा आहे. गेलेनचा जन्म इ. स. १२९ मध्ये आशिया मायनरमधील पर्गामम येथे झाला. तो १६२ मध्ये रोमला आला आणि थोड्याच अवधीत तेथील प्रतिष्ठितांत त्याचे नाव झाले. कॉन्सलपद भूषवलेला फ्लेवियस बोएथस हा त्याचा आश्रयदाता होता व अ‍ॅरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यासकही होता. श्वास आणि आवाज कसे निर्माण होतात व कोणाच्या आज्ञेने, हे दाखवण्याची विनंती त्यानेच गेलेनला केली.

त्या सभेला दमास्कसचा अलेक्झांडर हा पेरिपॅटेटिक तत्त्वज्ञ उपस्थित होता. डुकरे आणि करडे आणवून ठेवली होती. ओरडणाऱ्या प्राण्याचा आवाज मोठा असला की तो थांबल्याचे सर्वांना स्पष्ट कळते, म्हणून गेलेनने डुकराची निवड केली होती. स्वरयंत्राच्या स्नायूंत दोन्ही बाजूंना केसासारखे मज्जातंतू जातात, ते बांधले किंवा तोडले असता प्राणी मुका होतो आणि तरीही त्याच्या जीवितास वा इतर व्यापारांस बाध येत नाही, असे आपण दाखवणार असल्याचे त्याने सांगताच अलेक्झांडरने मध्येच विचारले : इंद्रियांनी दिलेली साक्ष खरी मानावी, हे तरी आधी मान्य झाले आहे काय? हा प्रश्न ऐकून गेलेन रागाने सभेतून निघून गेला. आपण अडाणी संशयवाद्यांकडे आलो आहोत हे ठाऊक असते तर आलोच नसतो, असे तो बोलल्याचे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे रोममधील विद्वानांच्या आग्रहावरून हे प्रात्यक्षिक अनेक दिवस चालले व त्यास मोठा समुदाय जमला.

अलेक्झांडरचा प्रश्न उद्धटपणाचा असेल, पण निरर्थक नव्हता. गेलेन जे करू पाहत होता ते नुसते अवयवदर्शन नव्हते. एका तात्त्विक सिद्धांताचा निर्णय तो हाताने करू पाहत होता, आणि असा निर्णय करता येतो की नाही, हाच मुळी प्रश्न होता. गेलेनच्या प्रयोगांची मांडणी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. प्रत्यावर्ती मज्जातंतू तोडला की आवाज जातो. बरगड्यांमधल्या स्नायूंचे मज्जातंतू दोऱ्याच्या फासात बांधले की आवाज जातो व फास सैल करताच परत येतो. मेंदूच्या पोकळीवर दाब दिला तरीही आवाज बंद पडतो. परंतु उघड्या केलेल्या हृदयाला चिमट्यात धरले तर नाडी थांबते आणि प्राणी ओरडतच राहतो. या मालिकेतील प्रत्येक प्रयोग एकेका शक्यतेचा निरास करतो. ज्या मज्जातंतूंच्या छेदाने आवाज जातो ते मेंदूपासून निघतात, हृदयापासून नव्हे. अर्थात आवाज छातीतून येत असला तरी आज्ञा मस्तकातून येते. झेनोच्या युक्तिवादातील गृहीतक येथे ढासळले. हे प्रयोग जिवंत प्राण्यांवर व बधिरतेच्या कोणत्याही उपायावाचून झाले, हेही विसरता येत नाही.

हाच पुरावा माणसाच्या शरीरातही अकल्पितपणे मिळाला. गंडमाळेवर शस्त्रक्रिया करताना एका वैद्याने रक्तवाहिनी कापली जाऊ नये म्हणून खोलवरच्या गाठी नखांनी ओढून काढल्या. मुलगा गाठींतून मुक्त झाला, पण मुका झाला. दुसऱ्या एका मुलाचा एकाच बाजूचा मज्जातंतू दुखावल्यामुळे आवाज अर्धा उरला. श्वासनलिका आणि स्वरयंत्र यांना कोठेही इजा नसताना आवाज कसा गेला, याचे पाहणाऱ्यांना आश्चर्य वाटले. कारण गेलेनने सांगितले.

गेलेनचे या विषयावरील लेखन मात्र अखंड स्वरूपात युरोपला मिळाले नाही. आवाजावरचा त्याचा स्वतंत्र ग्रंथ नष्ट झाला. शरीरविच्छेदनाच्या पद्धतीवरील त्याच्या पंधरा अध्यायांच्या ग्रंथाचा उत्तरार्ध, ज्यात स्वरयंत्राचा अकरावा अध्याय येतो, तो ग्रीकमध्ये हरवला आणि केवळ अरबी भाषांतरात टिकला. तो अरबी पाठ जर्मन भाषांतरासह १९०६ मध्ये माक्स झिमोनने प्रसिद्ध केला, व डकवर्थने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९६२ मध्ये निघाले.

४

भारतीय परंपरेत या प्रश्नाची दोन निरनिराळी अंगे दोन निरनिराळ्या शास्त्रांत आढळतात. पाणिनीय शिक्षेतील वर्णनानुसार आत्मा बुद्धीच्या द्वारा अर्थ जुळवून मनाला बोलण्याच्या इच्छेने प्रेरित करतो, मन शरीरातील अग्नीवर आघात करते, अग्नी वायूला चालना देतो, आणि तो वायू प्रथम उरात फिरून मंद्र स्वर उत्पन्न करतो. उराला दिलेले हे स्थान स्टोइकांच्या विचाराशी जुळते. मात्र शिक्षाकारांनी त्यावरून मनाचे स्थान सिद्ध करण्याचा खटाटोप केला नाही. तैत्तिरीय प्रातिशाख्याने याहून नेमकी भूमिका घेतली आहे. कंठ मिटलेला असता नाद होतो, उघडा असता श्वास होतो आणि या दोहोंच्या मधल्या अवस्थेत हकार होतो, असे तेथे सांगितले आहे. नाद हे घोष वर्णांचे व श्वास हे अघोष वर्णांचे द्रव्य होय. डब्ल्यू. एस. अ‍ॅलनने प्राचीन भारतीय ध्वनिविचारावरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात या विवेचनाचे महत्त्व विस्ताराने दाखवून दिले आहे.

हकाराची ही मधली अवस्था मराठी भाषकाच्या नित्य परिचयाची आहे. मराठीतील घ, झ, ढ, ध, भ यांच्या सोडणुकीत, तसेच म्ह, न्ह, ल्ह, व्ह यांसारख्या ध्वनींत, स्वररज्जूंचा पुढचा भाग कंप पावत असतो आणि त्याच वेळी पळीकूर्चांमधील मागच्या फटीतून हवा निसटत असते. कंठ पुरता मिटलेला नाही आणि पुरता उघडाही नाही. ही अवस्था साधणारे स्नायू प्रत्यावर्ती मज्जातंतूच्या हुकमतीत आहेत. एका बाजूचा मज्जातंतू निकामी झालेल्या माणसाचे सर्वच घोष वर्ण अशा श्वासमिश्रित नादाने येऊ लागतात आणि त्यामुळे जो भेद भाषेत अर्थभेदक आहे तो पुसट होतो.

दुसरे अंग सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात येते. कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना नीला व मन्या नावाच्या एकूण चार धमन्या ही मर्मे असून त्यांना इजा झाली असता मूकता येते, स्वर विकृत होतो आणि चव कळेनाशी होते, असे तेथे म्हटले आहे. श्वासमार्ग शाबूत असतानाही मानेच्या बाजूच्या आघाताने वाणी जाते, हे निरीक्षण अचूक आहे. परंतु त्यावरून सुश्रुताला हा मज्जातंतू ठाऊक होता असे म्हणणे योग्य होणार नाही. धमनी ही संज्ञा त्या ग्रंथात मज्जातंतू या अर्थी नाही, आणि परिणाम पाहणे व कारण वेगळे काढून दाखवणे यांत अंतर आहे. गेलेनचे वैशिष्ट्य या अंतरात आहे.

५

पुनरुज्जीवनाच्या काळात स्वरयंत्राचा अभ्यास प्रत्यक्ष मानवी शरीरावर होऊ लागला. गेलेनचे बहुतेक विच्छेदन माकडे व डुकरे यांच्यावरचे होते, आणि पळीकूर्चा दोन असताना त्याने त्या एकच मानल्या होत्या. अशा चुका सोळाव्या शतकात दुरुस्त झाल्या. व्हेसालियसने १५४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या महाग्रंथात गेलेनच्या अनेक विधानांचे खंडन केले आहे. पण त्याच ग्रंथातील एका आद्याक्षराच्या चित्रात काही बालके डुकराचे जिवंत विच्छेदन करताना दाखवली आहेत. गेलेनचा प्रयोग त्याचे खंडन करणाऱ्यालाही सोडता आला नाही, हे यावरून दिसते. पादुआ येथे फाब्रिसियसने १६०० मध्ये दृष्टी, आवाज व श्रवण यांवर ग्रंथ लिहिला, आणि कासेरियसने त्याच सुमारास आवाज व श्रवण यांच्या इंद्रियांवरील आपल्या ग्रंथात माणसापासून अनेक प्राण्यांपर्यंतची स्वरयंत्रे शेजारी शेजारी चित्रित केली.

स्वररज्जू हे नाव अठराव्या शतकातले आहे. १७४१ मध्ये आंत्वान फेरँ याने मृत प्राण्यांच्या व माणसांच्या स्वरयंत्रांतून हवा फुंकून आवाज काढून दाखवला. त्याला त्या घड्या तंतुवाद्याच्या तारांसारख्या वाटल्या आणि हवा गजासारखी. उपमा सदोष होती, कारण त्या घड्या तारांप्रमाणे सुट्या नाहीत. नाव मात्र टिकले. मृत स्वरयंत्रही फुंकल्यास वाजते, या त्याच्या निरीक्षणाचे महत्त्व दोनशे वर्षांनी पुन्हा प्रत्ययास आले. ते पुढे येईल.

जिवंत माणसाचे स्वररज्जू कार्यरत असताना पाहण्याचे श्रेय गायनशिक्षक मानुएल गार्सिया यास जाते. त्याने १८५४ मध्ये लहान आरशाच्या साह्याने स्वतःच्या गळ्यात पाहिले व आपली निरीक्षणे १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. ट्यूर्क व चेर्माक यांनी लवकरच तो आरसा वैद्यकात आणला. त्यामुळे प्रत्यावर्ती मज्जातंतूचा पक्षाघात रुग्णाच्या हयातीतच डोळ्यांनी पाहता येऊ लागला.

६

हा मज्जातंतू इतका वळसा का घेतो? गेलेनला हा प्रश्न पडला होता व त्याने त्याचे उत्तर निसर्गाच्या योजकतेत शोधले. खाली ओढणाऱ्या स्नायूला आज्ञा खालून यावयास हवी, म्हणून निसर्गाने मज्जातंतू खाली नेऊन रोहिणीच्या आधारे कप्पीवरच्या दोरीसारखा वळवला, असे तो सांगतो. मोडलेले पाय ताणून धरण्याच्या एका यंत्राची त्याने उपमा दिली आहे. निसर्ग निष्कारण काहीच करीत नाही, हा त्याचा सिद्धांत या उदाहरणात कळसास पोचतो.

आधुनिक गर्भविज्ञानाचे उत्तर अगदी वेगळे आहे. गर्भाच्या मानेत रोहिणींच्या कमानींच्या जोड्या निर्माण होतात आणि हा मज्जातंतू त्यांतील सहाव्या कमानीखालून आपल्या स्नायूंकडे जातो. त्या वेळी तो मार्ग सरळच असतो. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरते आणि कमानीत अडकलेला मज्जातंतू खाली ओढला जातो. डावीकडे सहावी कमान गर्भावस्थेत टिकते व जन्मानंतर तिचा दोरीसारखा अवशेष उरतो, म्हणून डावा मज्जातंतू महारोहिणीपाशी अडकतो. उजवीकडे ती नाहीशी होते, म्हणून उजवा मज्जातंतू चौथ्या कमानीपासून झालेल्या रोहिणीपाशी थांबतो. या स्पष्टीकरणाची खात्री अपवादावरून पटते. शंभरात एकाहूनही कमी माणसांत उजवी रोहिणी वेगळ्या रीतीने तयार होते व अन्ननलिकेच्या मागून जाते. अशा माणसांत अडकण्यास काही नसल्यामुळे उजवा मज्जातंतू वळसा न घेता सरळ स्वरयंत्रास मिळतो, आणि त्यांचा आवाज इतरांसारखाच असतो. म्हणजे वळशाने काहीच साधत नाही. जिराफाच्या लांब मानेत हाच वळसा कित्येक मीटरांचा होतो. गेलेनने ज्यात हेतू पाहिला, त्यात आज इतिहास दिसतो.

७

हा वळसा निरुपयोगी असला तरी निरुपद्रवी नाही. डावा मज्जातंतू छातीत उतरत असल्यामुळे महारोहिणीचा फुगवटा, फुप्फुसातील अर्बुद किंवा छातीतील सुजलेल्या गाठी यांचे पहिले चिन्ह पुष्कळदा आवाज बसणे हे असते. १८९७ मध्ये ऑर्टनरने हृदयाच्या झडपेच्या विकारात डावा स्वररज्जू लुळा पडल्याची उदाहरणे नोंदवली. मानेत हा मज्जातंतू अवटु ग्रंथीला लागून जातो. त्यामुळे गलगंडाच्या शस्त्रक्रियेत त्याला इजा होण्याचे भय नेहमीचे होते. एक बाजू गेली तर आवाज घोगरा होतो. दोन्ही गेल्या तर मार्ग उघडणारी एकुलती जोडी निकामी होऊन रज्जू मध्यरेषेजवळ येतात व श्वासच कोंडतो. दीर्घकाळ बहुतेक शस्त्रवैद्य या मज्जातंतूच्या वाटेला न जाणे हाच सुरक्षित मार्ग मानीत. बॉस्टनच्या फ्रँक लाहीने १९३८ मध्ये उलट आग्रह धरला : प्रत्येक शस्त्रक्रियेत तो शोधून, उघडा करून, डोळ्यांसमोर ठेवावा. जे दिसते ते कापले जात नाही, हा विचार पुढे सर्वमान्य झाला. गंडमाळेच्या गाठी नखांनी ओढणाऱ्या वैद्याची चूक निष्काळजीपणाची नव्हती. रक्तवाहिनी वाचवण्याची काळजी त्याने घेतलीच होती. जे ठाऊक नव्हते, ते वाचवता आले नाही.

लुळ्या पडलेल्या रज्जूची स्थिती पाहून इजेचे स्वरूप सांगता येईल, अशी आशा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निर्माण झाली. लंडनच्या फेलिक्स सेमनने १८८१ मध्ये असा नियम मांडला की, मज्जातंतूचा क्रमाने नाश होत असता मार्ग उघडणारे तंतू प्रथम व मिटवणारे नंतर बळी पडतात. हा नियम अनेक दशके पाठ्यपुस्तकांत होता. पुढील अनुभवाने मात्र तो टिकला नाही.

८

या इतिहासातील शेवटचा मोठा वाद ध्वनिविज्ञानाच्या क्षेत्रातच झाला. १९५० मध्ये राऊल ह्यूसाँ याने पॅरिसमध्ये असे प्रतिपादन केले की, स्वररज्जूंचे प्रत्येक कंपन प्रत्यावर्ती मज्जातंतूतून आलेल्या स्वतंत्र संवेगामुळे होते. म्हणजे स्वराची वारंवारता मेंदूच ठरवतो आणि हवा केवळ ते कंपन ऐकू येण्यास साह्य करते. गेलेनचा पक्ष येथे टोकास नेलेला आहे. छातीकडून वाणीचे श्रेय काढून मेंदूला देता देता हवेकडे काहीच उरले नाही.

या मताचे खंडन ज्या मुद्द्यांनी झाले, त्यांत मज्जातंतूचा वळसा हा एक होता. डावा मज्जातंतू उजव्यापेक्षा कित्येक सेंटिमीटर लांब असतो. तेव्हा दोन्हीकडील संवेग सारख्या वेगाने निघाले तर ते एकाच क्षणी पोचणार नाहीत. हा फरक सेकंदाच्या सहस्रांशांचा असला तरी, सेकंदाला हजार कंपने होणाऱ्या उंच स्वरात एक सहस्रांश म्हणजे एक पूर्ण कंपन. शिवाय इतक्या वेगाने येणाऱ्या संवेगांना स्नायू स्वतंत्र प्रतिसाद देत नाही, तो सलग आकुंचित राहतो. आणि फेरँने दाखवल्याप्रमाणे मज्जातंतूच नसलेले मृत स्वरयंत्रही फुंकल्यावर वाजते. नेदरलंड्समधील यानविलेम व्हान डेन बर्ग याने १९५८ मध्ये पर्यायी उपपत्ती सुसूत्रपणे मांडली : मज्जातंतू रज्जूंना योग्य स्थिती व ताण देतो. त्यानंतर खालून येणारी हवा त्यांना विलग करते, आणि त्यांची लवचिकता व वाहत्या हवेचा घटलेला दाब त्यांना पुन्हा जवळ आणतात. आजचे ध्वनिविज्ञान याच पायावर उभे आहे.

९

या इतिहासाचा निष्कर्ष कोणत्याही एका पक्षाच्या संपूर्ण विजयाचा नाही. आज्ञेविषयी गेलेन बरोबर होता आणि झेनो चुकला. परंतु ध्वनीचे द्रव्य छातीतूनच येते, आणि कंपन मेंदूच्या एकेका आज्ञेने नव्हे तर हवेने होते, हेही खरे ठरले. कंठाची अवस्था एक आणि त्यातून जाणारा वायू दुसरा, ही प्रातिशाख्यकारांनी केलेली विभागणी व्हान डेन बर्गच्या विवेचनाशी ज्या प्रकारे जुळते तो योगायोग नव्हे. दोन्ही ठिकाणी विचाराचा प्रारंभ ध्वनी कसा होतो या प्रश्नापासून झालेला आहे, त्यामागे कोण बसले आहे यापासून नव्हे. हृदयाच्या पक्षासही एक अनपेक्षित दिलासा मिळाला आहे. मेंदूची आज्ञा गळ्यापर्यंत पोचण्यापूर्वी हृदयाच्या माथ्यावरील कमानीला वळसा घालून येते, आणि म्हणून हृदय विकारग्रस्त झाले असता माणसाचा आवाज आजही जाऊ शकतो. झेनोचा सिद्धांत यामुळे सिद्ध होत नाही. मात्र बसलेल्या आवाजाचे कारण केवळ गळ्यात शोधणारा वैद्य आजही चुकू शकतो, एवढे त्यावरून निश्चित होते.